अकरावा आठवडा : ‘रीसेंटली’चा रतीब बंद

रोज पाच इंग्रजी वाक्यांची डायरी चालू आहे, खंड नाही. रविवारी लाल पेन घेऊन पहिल्या दोन वह्या तपासायला बसलो आणि ‘रीसेंटली’ मोजायला लागलो. सत्तेचाळीस भरले. गॅस सिलिंडर रीसेंटली आला. सोसायटीला रीसेंटली नवे सेक्रेटरी मिळाले. आणि एका पानावर चक्क, ‘द मिल्क हॅज रीसेंटली बॉइल्ड ओव्हर’. हे वाक्य लिहिलं तेव्हा ओटा अजून पुसायचा होता.

भाची लीड्सला असते. तिला पानाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर : “मामा, व्याकरण बरोबर आहे, पण नगरपालिकेने दुधाबद्दल पत्रक काढल्यासारखं वाटतंय.” बरोबरच आहे. आपणही दूध उतू गेल्यावर ‘नुकतेच दूध उतू गेले आहे’ असं ओरडत नाही. ‘अरे, आत्ताच गेलं!’ म्हणतो. तिथे इंग्रजीत ‘जस्ट’ हवं : ‘द मिल्क हॅज जस्ट बॉइल्ड ओव्हर’.

मग या आठवड्यात एकच पथ्य पाळलं. इंग्रजी वाक्याआधी समासात मराठी शब्द लिहायचा : आत्ताच, मघाशी, परवा की हल्ली? ‘नुकताच’ लिहायला बंदी, कारण तो बोलताना माझ्या तोंडी येतच नाही. फक्त लिहिताना येतो, आणि येताना ‘रीसेंटली’ला घेऊन येतो.

‘आत्ताच’ सोपा निघाला. इंग्लंडमध्ये ‘आय हॅव जस्ट ईटन’ जास्त, अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ही सर्रास. दोन्ही चालतात, फक्त एका पानावर दोन्हींची खिचडी करू नये एवढं मी ठरवलंय. ‘जस्ट नाऊ’ मात्र वेगळी चीज आहे. ते बहुधा वाक्याच्या शेवटी जातं आणि साधा भूतकाळ मागतं : ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’. ‘ही हॅज लेफ्ट जस्ट नाऊ’ खटकतं. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे थोड्या वेळाने, म्हणजे कधीतरी. आपल्याला हसायला जागा नाही. चप्पल शोधत असतानाच आपण फोनवर ‘आलोच’ म्हणतो, तेही भूतकाळात!

‘मघाशी’ला एका शब्दात उत्तर सापडलं नाही. बसल्या बैठकीतलं मघाशी असेल तर ‘अ लिटल व्हाइल अगो’, सकाळचं असेल तर ‘अर्लिअर टुडे’. ‘अगो’ आलं की ‘हॅव’ बाहेर. ही चूक वहीत नऊ ठिकाणी आहे.

‘परवा’वर जीव जडला. त्याला ‘द अदर डे’ असा सख्खा भाऊ आहे. ‘परवाच भेटला होता’ म्हणताना आपण दिवस मोजत नाही, बारा दिवसही झालेले असू शकतात. इंग्रजीतही तसंच : ‘आय मेट हिम द अदर डे’. फक्त आपला परवा उद्याच्या पलीकडेही असतो, त्यांचा कायम मागेच. तारीख महत्त्वाची असेल तिथे हा शब्द वापरू नये, दोन्ही भाषांत घोटाळा होतो.

खरा वेळ खाल्ला तो ‘अलीकडे’ने. वहीतली ही दोन वाक्यं बघा : ‘अलीकडे मला झोप लागत नाही’ आणि ‘अलीकडे त्याने गाडी घेतली’. मराठीत शब्द एकच. नदीच्या अलीकडे म्हणतो तसाच, काळाच्या या तीरावर जे जे झालं ते सगळं अलीकडे. इंग्रजीला तेवढ्याने भागत नाही. ती विचारते, एकदा घडून गेलं की चालूच आहे? झोपेचं चालू आहे, म्हणून ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली’. गाडी एकदाच घेतली, म्हणून ‘ही रीसेंटली बॉट अ कार’. गाडीच्या वाक्यात ‘लेटली’ घातलं की वाक्य लंगडतं. मी इतके दिवस समजत होतो की ‘लेटली’ म्हणजे जरा जवळचं आणि ‘रीसेंटली’ म्हणजे जरा लांबचं. फरक अंतराचा नव्हताच.

यावर एक घरगुती कसोटी सापडली, सध्या तरी टिकतेय. ‘अलीकडे’ काढून ‘हल्ली’ ठेवून बघायचं. ‘हल्ली मला झोप लागत नाही’ बसतं, म्हणजे ‘लेटली’. ‘हल्ली त्याने गाडी घेतली’ आपल्या कानालाच बोचतं, म्हणजे ‘रीसेंटली’. इंग्रजीचा नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या कानाला विचारणं स्वस्त पडतं.

खात्री म्हणून कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणा-बोलण्यातल्या इंग्रजीचे साठे, अशा दोन मोठ्या संग्रहांत डोकावलो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्द आहेत, त्यातले साधारण १० टक्के बोलण्यातले, बाकी लिखाणातले. अमेरिकन इंग्रजीसाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी उभा केलेला कोका (कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश), त्यात शंभर कोटींच्या वर. मी आकडे काढत बसलो नाही, नुसत्या ओळी वाचत गेलो. ‘लेटली’ बहुतेकदा वाक्याच्या शेवटी बसलेलं दिसतं, मागे ‘हॅव बीन’ नाहीतर एखादा प्रश्न किंवा नकार : ‘हॅव यू सीन हर लेटली?’ ‘रीसेंटली’ क्रियापदाच्या आधी सुखाने राहतं, आणि बातम्यांत तर जागोजागी. ‘अ रीसेंटली पब्लिश्ड रिपोर्ट’ चालतं, तिथे ‘लेटली’ नाही चालत.

‘हल्ली’ला अजून एक फाटा आहे. ‘हल्ली मी पाचला उठतो’, म्हणजे नवी सवय. तिथे ‘लेटली’पेक्षा साध्या वर्तमानकाळासोबत ‘दीज डेज’ बरं : ‘आय गेट अप ॲट फाइव्ह दीज डेज’. ‘नाऊअडेज’ चूक नाही, पण माझ्या वहीत आला की शाळेतल्या ‘वाढते प्रदूषण’ निबंधाचा वास येतो. चार ठिकाणांहून काढला.

‘न्यूली’ आणि ‘फ्रेशली’वर फार वेळ घालवला नाही. नवं ते ‘न्यूली’, ताजं ते ‘फ्रेशली’ : न्यूली अपॉइंटेड सेक्रेटरी, फ्रेशली पेंटेड बाकडं. सेक्रेटरी फ्रेशली कोणी म्हणू नये.

आता माझी जुनी खोड. ‘मी कालच आलोय.’ मराठीत अगदी सहज. यातला ‘आलोय’ ‘हॅव कम’कडे ओढतो आणि ‘च’ शेवटी ‘ओन्ली’ होऊन बसतो : ‘आय हॅव कम यस्टर्डे ओन्ली’. हे वाक्य मी नोकरीत तीस वर्षं बोललो आणि समोरच्याला कळलंही. पण ‘यस्टर्डे’सारखा ठराविक दिवस आला की ‘हॅव’ नको. आणि ‘ओन्ली’ काढून टाकायची गरजच नाही, फक्त क्रियापदाआधी आणायचा : ‘आय ओन्ली गॉट हिअर यस्टर्डे’. आपला ‘च’ त्यांच्याकडेही आहे, क्रियापदाच्या अलीकडे उभा असतो. हे कळलं त्या संध्याकाळी मी अकरा वाक्यं लिहिली, पाचाचा नियम मोडून.

या आठवड्याचा हिशेब : पस्तीस वाक्यांच्या जागी एकेचाळीस, त्यात ‘रीसेंटली’ दोनदा. एक शेजाऱ्यांच्या नव्या गाडीचं, एक सेक्रेटरींच्या निवडीचं. भाचीने दोन्ही पास केली.

एक शब्द मात्र अडलाय, तो तुमच्यापुढे ठेवतो : ‘एवढ्यात’. ‘तो एवढ्यात आला नाही’ला ‘ही हॅजन्ट बीन राउंड लेटली’ लिहिलं. ‘तो एवढ्यात येणार नाही’ला ‘ही वोन्ट बी हिअर एनी टाइम सून’. इथवर ठीक. पण काल लिहायचं होतं, ‘मी दार लावणार, एवढ्यात मांजर आत शिरलं’. ‘जस्ट ॲज आय वॉज अबाउट टू शट द डोअर’ असं सुरू केलं, आणि मांजर आत येईपर्यंत ओळ संपली. कोणाकडे याहून आखूड काही आहे का?