पाय फुटले की बेडूकमासे का मरतात?

ज्यांनी ज्यांनी घरच्या काचेच्या टाकीत बेडूकमासे वाढवलेत, त्यांचा मला ठरलेला प्रश्न: ‘इतके दिवस छान वाढत होते, चारही पाय आले आणि मग एकेक करून मेले. आमचं काय चुकलं?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक वेळा ते बुडून मेलेले असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. या दिवसांत कल्ले जिरत जातात आणि श्वासाची भिस्त फुप्फुसांवर येते. पाणी काठोकाठ, काच उभी आणि गुळगुळीत; टेकायला जागाच नाही, तर त्या पिल्लाने जायचं कुठे? म्हणून मागचे पाय नीट दिसू लागले की पाणी उतरवा, टाकी थोडी तिरकी करा आणि एका बाजूला खडबडीत दगड किंवा ओलं शेवाळ पाण्याच्या वर येईल असं ठेवा. वर झाकणही हवं, कारण शेपूट पुरती गेलेली नसतानाही ही मंडळी ओल्या काचेवरून सरळ वर चढतात. (जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या काही जाती आहेत, त्यांना हे लागू नाही.)

पुढचे पाय मागच्यांसारखे हळूहळू फुटत नाहीत. ते कातडीखाली आधीच तयार असतात. छातीच्या बाजूला टेंगूळ दिसतं, आतून कोपर ढुशा देत असतं, आणि बघता बघता अख्खा हात बाहेर! कधी एकच आलेला असतो. घाबरू नका, दुसरा मागोमाग येतो.

यानंतर खाणं बंद होतं आणि लोक काळजीने जास्तच खाऊ टाकतात. ते सडतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि उरलेलेही जातात. त्या पिल्लाला त्या वेळी खाताच येत नाही. शेवाळ खरवडणारी चोच गळून तोंड रुंद होत असतं. पोटाच्या पातळ कातडीतून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं दिसणारं लांबलचक आतडं आखूड होत असतं. शाकाहारी प्राण्याचा शिकारी होतोय! तोवर शेपटीतला साठा त्याला पुरतो. शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरते.

हे सगळं थायरॉइडच्या हुकमाने चालतं. गुडरनाच या शास्त्रज्ञाने 1912 साली बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर वाढ पुरी होण्याआधीच त्यांचे इटुकले बेडूक झाले. थंड पाण्यात हाच बदल रेंगाळतो, त्यामुळे शेजाऱ्याचे बेडूक आधी झाले म्हणून जीव टांगणीला लावू नका.

पाय फुटण्याआधीचा काळ त्या मानाने सोपा. नळाचं पाणी त्यातला क्लोरीन घालवल्याशिवाय वापरू नये. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसतं उघडं ठेवून भागत नाही, त्यासाठीचं औषध घालावंच लागतं. उकडून मऊ केलेला पालक चिमूटभर, उरलेला त्याच दिवशी बाहेर. थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. गर्दी नको: दाटीत वाढ खुंटते आणि भुकेले असले तर एकमेकांच्या शेपट्याही कुरतडतात.

खरी परीक्षा शेपूट गेल्यावर. बोटाच्या नखाएवढं ते पिल्लू हलणारी शिकारच ओळखतं. समोर पडलेला मेलेला किडा त्याच्या लेखी नाहीच. इवल्या फळमाश्या, स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले बारीक, उड्या मारणारे जीव) असं जिवंत खाणं रोज पुरवावं लागतं. माझं स्पष्ट मत, एवढं जमणार नसेल तर त्याला ठेवून घेऊ नये. जिथून अंडी आणली त्याच पाण्याकाठी, सावलीत, संध्याकाळी सोडावं. ‘इथलं तळं जास्त छान आहे’ म्हणून दुसरीकडे मुळीच नाही. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी जगभर पसरली आहे, तिच्यापायी कित्येक जाती संपल्या, आणि वरून धडधाकट दिसणारं पिल्लूही ती सोबत नेऊ शकतं. त्याच टाकीत विकतचे मासे किंवा दुसरीकडचे बेडूक राहिले असतील, तर सोडण्याचा विचारच सोडा.