पिवळी वायर, काळी वायर आणि चाळीस रुपयांची केबल

दिवाळीपूर्वी माळा आवरताना जुन्या संगणकांमधून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क सापडल्या. त्यांत घरातल्या मुंजी-लग्नांचे व्हिडिओ आणि आजोबांच्या आवाजातली काही ध्वनिमुद्रणे होती. २०१८ साली घेतलेल्या एका एक्स्टर्नल ड्राइव्हचा यूएसबी पोर्ट निखळल्यावर त्याच्या डब्यातून काढलेली ८ टीबीची तिसरी डिस्क घरात रिकामीच पडून होती. या तिन्ही एकाच यंत्रात बसवाव्यात आणि जुना ऐवज मोठ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, असे ठरवून मी एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप विकत घेतला. कॅबिनेटमध्ये जागा पुरेशी होती आणि मदरबोर्डवर साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या प्रचलित पद्धतीची, चार पोर्टही होती; अडले ते विजेपाशी. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, साटाचे दोनच प्लग बाहेर आलेले होते, त्यांपैकी एक संगणकाच्या मूळ डिस्कला लागलेला होता, आणि चार पिनांचा एक जुना मोलेक्स प्लग कोपऱ्यात रिकामा लोंबत होता.

एका मोलेक्स प्लगचे दोन साटा प्लग करणारी वाय केबल पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहज मिळते. दुकानदाराने दोन प्रकार समोर ठेवले, एक चाळीस रुपयांचा आणि एक दीडशेचा. फरक विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘चालतात की दोन्ही, साहेब. ते जरा महाग आहे, एवढंच.’’ मी अर्थातच चाळीस रुपयांची केबल घेतली.

साधारण तीन आठवडे सगळे सुरळीत चालले. मग एका रविवारी दुपारी फाइलींची नक्कल चालू असताना घरभर करपट वास पसरला. आईला वाटले, कोणीतरी गरम कढईवर प्लॅस्टिकचे झाकण ठेवले. वास संगणकातून येतो आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत दोन मिनिटे गेली असावीत. भिंतीवरचे बटण बंद करून कॅबिनेट उघडले, तेव्हा एका साटा प्लगची कड तपकिरी होऊन डिस्कच्या सॉकेटला चिकटलेली होती आणि पिवळ्या वायरचे आवरण अर्धा इंच मागे आक्रसले होते.

तो प्लग मी दुसऱ्या दिवशी ब्लेडने उभा चिरला, आणि या लेखाचे खरे कारण तिथे दिसले. साटाच्या वीजप्लगमध्ये १५ पिना असतात आणि दोन शेजारी पिनांच्या मध्यांतले अंतर केवळ १.२७ मिलिमीटर असते. स्वस्त प्लगमध्ये या पिनांना वायरी जोडून तो सगळा जुडगा साच्यात धरतात आणि वरून वितळलेले प्लॅस्टिक दाबाने सोडतात. त्या उष्णतेत आणि दाबात एखादी वायर जरा सरकली, किंवा तांब्याची एखादी तार बाहेर राहिली, तरी ती कायमची तशीच गोठते आणि बाहेरून प्लग अगदी गुळगुळीत, देखणा दिसतो. माझ्या प्लगमध्ये पिवळ्या वायरची एक तार शेजारच्या काळ्या वायरच्या दिशेने वाकलेली होती आणि मधले प्लॅस्टिक कोळसा झाले होते. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल म्हणजे ५ व्होल्ट आणि काळी म्हणजे ग्राउंड, वीज परत जाण्याची वाट. प्लॅस्टिक एकदा काळवंडले की ते विजेला अडवण्याऐवजी वाट देऊ लागते, वाट मिळाली की तापते आणि तापले की आणखी काळवंडते.

एसएमपीएसने स्वतःहून बंद का होऊ नये, हा प्रश्न मलाही पडला. पिवळी आणि काळी वायर थेट एकमेकींना चिकटल्या असत्या, तर तो क्षणात बंद झाला असता. परंतु कोळशातून जाणारा प्रवाह मर्यादित असतो. समजा, आठ अँपिअर वाहिले, तर १२ व्होल्टला ते ९६ वॉट होतात. माझ्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला १६ अँपिअरची क्षमता लिहिलेली आहे. त्याच्या दृष्टीने ही कुठल्याही प्रामाणिक यंत्राची मागणी असू शकते, म्हणून तो निमूटपणे वीज पुरवत राहतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. त्याच्या जवळजवळ चौपट उष्णता नखाएवढ्या जागेत ओतली, तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

डिस्क मात्र वाचली, आणि त्याचे श्रेय पिनांच्या मांडणीला द्यावे लागेल. साटाच्या प्लगमध्ये ५ व्होल्टच्या तीन आणि १२ व्होल्टच्या तीन पिनांच्या मधोमध ग्राउंडच्या तीन पिना बसवलेल्या आहेत, त्यामुळे पिवळीची गाठ आधी काळीशी पडते, लालशी नाही. डिस्कला फक्त वीज कमी पडली.

दीडशे रुपयांच्या केबलमध्ये प्रत्येक वायरीचे टोक धातूच्या पकडीत दाबून, म्हणजे क्रिम्प करून, ती पकड कडक कोशातल्या स्वतंत्र खणात सरकवलेली असते. मागून पाहिले की प्रत्येक वायर आपापल्या भोकात जाताना दिसते आणि हलक्या हाताने हलवली तर किंचित हलतेही. चाळीस रुपयांच्या ओतीव प्लगमध्ये मात्र वायरी रबरात रोवल्यासारख्या एका सलग ठोकळ्यातून बाहेर येतात. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी ही सोपी परीक्षा आहे. वायरीची जाडीही पाहावी. एसएमपीएसच्या वायरी बहुधा १८ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.८२ चौरस मिलिमीटरच्या असतात. २२ गेजची वायर ०.३३ चौरस मिलिमीटरवर येते. गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, हे उलटे गणित ध्यानात ठेवावे लागते.

काही जण मोलेक्सच्या वाटेला न जाता साटाच्याच एका प्लगमधून चार फाटे काढणारी केबल वापरतात. साटाच्या प्रत्येक पिनेची क्षमता दीड अँपिअर असल्यामुळे १२ व्होल्टच्या तीन पिनांतून साडेचार अँपिअर मिळतात. साडेतीन इंची डिस्क चालू असताना थोडकेच खाते, परंतु थांबलेल्या तबकड्या फिरवायला लागताना काही सेकंद तिला १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर लागतात. अशा दोन डिस्क निभावतात. चार एकदम सुरू झाल्या की आठ अँपिअरची मागणी येते. एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क) किंवा अडीच इंची डिस्क सहसा फक्त ५ व्होल्टवर चालत असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हे गणित बरेच सौम्य होते.

नवी केबल आणल्यावर डिस्कांची अदलाबदल केली, तेव्हा एक गंमत झाली. ८ टीबीची डिस्क आजवर मोलेक्सच्या केबलवर बिनतक्रार चालत होती. ती एसएमपीएसच्या मूळ साटा प्लगला लावली, तर फिरेचना. मेली, असे समजून मी तासभर हळहळत बसलो. वस्तुतः २०१६ सालच्या साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवे काम मिळाले आहे: तिच्यावर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचे. जुन्या एसएमपीएसची नारिंगी वायर त्या पिनेवर अखंड ३.३ व्होल्ट देत असते, तर मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट मुळातच नसतात. म्हणजे इथे मोलेक्सची केबल ही नुसती सोय नसून औषधच होते. ती नसेल तर त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची, म्हणजे वीजरोधक चिकटपट्टीची, बारीक पट्टी चिकटवतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात, त्यांच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला, भोकात बसल्या तरीही, लावू नयेत. डिस्ककडच्या टोकाचे प्रमाण ठरलेले आहे, एसएमपीएसकडच्या टोकाचे नाही. तिथे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आले, तर डिस्कला सावरायला वेळ मिळत नाही.

आता दोन्ही जुन्या डिस्क आणि मोठी डिस्क नीट चालू आहेत. महिन्यातून एकदा मी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर सायकल काउंट’, म्हणजे डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली तो आकडा, पाहतो. संगणक जितक्या वेळा सुरू केला, त्याहून हा आकडा अधिक वाढला, तर डिस्कची वीज मध्येच तुटते आहे असे समजायचे. जळालेल्या प्लगवर लागलेल्या डिस्कचा आकडा त्या तीन आठवड्यांत बाकीच्यांपेक्षा सतराने पुढे गेला होता. तो मी तेव्हा पाहिलाच नव्हता.