कोचीतले साडेचार तास, आणि त्याआधीचे साडेतीन

क्रूझवरून येऊन महिना झाला. तपोवनात सकाळी फिरायला गेलं की अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, "कोचीला एकट्याच हिंडलात म्हणे? भीती नाही वाटली?" भीती अजिबात वाटली नाही. राग मात्र आला होता आणि तो अजून गेलेला नाही. आपल्या नाशिकमधून हल्ली बरेच जण मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझला जातात. त्यांना माझ्यासारखा मनस्ताप होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, सीएसएमटीला उतरून टॅक्सीने बंदर, सामान तपासणी, बोर्डिंग. यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे कोचीला हे जहाजावरच थांबणार हे आधीपासून ठरलं होतं. "तू जा गं, माझ्यासाठी अडकून राहू नकोस," हे यांनीच सांगितलं. जहाजाच्या ठरलेल्या टूरचे पैसे मला जास्त वाटले आणि बसमधून उतरा-चढा करत बघणं मला आवडतही नाही. मी एकटीच फिरायचं ठरवलं.

आदल्या रात्री मी जहाजाच्या रिसेप्शनवर जाऊन स्पष्ट विचारलं, "उद्या मला टूरशिवाय, आपलं आपण उतरायचं आहे. काय काय लागेल?" तिथल्या मुलीने मान वर न करता उत्तर दिलं, "केबिनचं कार्ड पुरेसं आहे, मॅम." मी पुन्हा विचारलं, "आधार कार्ड वगैरे?" "कार्ड पुरेसं आहे."

सकाळी पावणेआठला जहाज धक्क्याला लागलं. मी तयार होऊन डेकवर उभी. घरी स्वेटर घालून निघालेली मी, आणि इथे सकाळीच साडी पाठीला चिकटलेली. समोर विलिंग्डन बेट. बंदर खोल करताना तळातून उपसलेला गाळ टाकून १९२० नंतरच्या काळात इंग्रज इंजिनिअर रॉबर्ट ब्रिस्टो यांनी हे बेट तयार करवून घेतलं. हे मी निघण्याआधीच वाचलं होतं. आता ते बेट शंभर पावलांवर होतं आणि मला तिथे जाता येत नव्हतं.

कारण आधी टूरवाले. त्यांना थिएटरमध्ये बसवून छातीवर रंगीत स्टिकर लावत होते आणि एकेक रंग पुकारून खाली सोडत होते. आमच्यासारख्या बिनस्टिकरच्या लोकांसाठी एकच घोषणा होती, "कृपया बसून राहा." नऊ वाजले. मी जाऊन विचारलं. "थोड्या वेळात." साडेनऊला पुन्हा विचारलं. तेव्हा तिथला माणूस मला म्हणाला, "मॅम, टूर घेतली असती तर आतापर्यंत शहरात असता." हे वाक्य मी विसरणार नाही. बंदरावर उतरण्याचे पैसे आम्ही तिकिटातच भरले होते. टूर घेतली नाही म्हणून बसवून ठेवायचं, हे कुठल्या नियमात बसतं?

सव्वादहाला आम्हाला सोडलं. पाऊण तास रांग सरकली. जहाजातून उतरायच्या जिन्यापाशी पोचले आणि तिथल्या माणसाने ओळखपत्र मागितलं. मूळ, छापलेलं. मी केबिनचं कार्ड दाखवलं, मोबाइलवरचं आधार दाखवलं. चालत नाही म्हणाला. जा, वर जाऊन आणा. मूळ आधार केबिनच्या तिजोरीत. तिजोरीचा आकडा यांनी घातलेला. आणि हे नाश्ता करून कुठे तरी वरच्या डेकवर बसलेले, फोन लागत नाही. लिफ्ट भरभरून जात होत्या म्हणून मी जिन्याने वर. अकराव्या डेकवर हे खुर्चीत चहा घेत बसले होते. आकडा विचारला, खाली केबिनमध्ये आले, आधार काढलं, पुन्हा रांगेत. नशिबाने रांग तोवर बरीच ओसरली होती. जमिनीवर पाय ठेवला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

मी बँकेत चौतीस वर्षं काउंटरच्या पलीकडे बसले आहे. माझ्यासमोर आलेल्या माणसाला काय काय कागद लागतील ते मी चिठ्ठीवर लिहून द्यायचे. अर्धवट माहिती देऊन कुणाला दुसरा हेलपाटा घालायला लावला नाही. म्हणून हे मला इतकं लागलं. माहिती नसेल तर "विचारून सांगते" म्हणायला काय जातं?

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा मूळ ओळखपत्र पर्समध्येच ठेवा, कुणी काहीही सांगो. आणि आदल्या रात्री रिसेप्शनवर न विचारता जिन्यावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यालाच गाठून विचारा. तपासणी शेवटी तोच करणार असतो.

बाहेर ऑटो मिळाला. ड्रायव्हर मला "चेची" म्हणत होता, म्हणजे ताई. मोडकं हिंदी त्याला येत होतं. मट्टनचेरी, मग फोर्ट कोची, मग परत बंदर, थांबण्यासकट सातशे रुपये ठरले. एकही दुकान दाखवायचं नाही हे मी बसायच्या आधीच सांगितलं, कारण दुकानात गिऱ्हाईक नेलं की त्यांना कमिशन मिळतं आणि आपला अर्धा तास जातो. त्याने शब्द पाळला.

मट्टनचेरीचा महाल बाहेरून साधा आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात कोचीच्या राजासाठी बांधला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून डच पॅलेस म्हणतात. पण आत राजाच्या शयनगृहात भिंतीभर रामायण रंगवलेलं आहे. दशरथाच्या यज्ञापासून सुरू. गेरूसारखा लाल, पिवळा, हिरवा. इंचभर जागा मोकळी नाही. माणसं, झाडं, माकडं, दागिने सगळं एकमेकांत गुंतलेलं. उजेड मंद, फोटो काढायला बंदी, त्यामुळे डोळे सरावायला वेळ लागतो. मी पंचवटीत वाढलेली बाई. सीतागुंफेच्या गल्लीत आमचं घर. पर्णकुटी कुठे आहे, सुवर्णमृग कुठे आहे, हे शोधत मी भिंतीला नाक लावून उभी होते. यज्ञ झाला, राम जन्मला, एवढ्यात घड्याळ पाहिलं तर बारा पस्तीस. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, एकला बंद होतं म्हणून निघावं लागलं. पंचवटीपर्यंत मी पोचलेच नाही.

आणि धावत ज्यू टाऊनच्या टोकाला गेले तर तिकीट देणं थांबवलेलं. दुपारी तीनला या म्हणाले. तीनला मला परतीला लागायचं होतं. १५६८ सालचं हे सिनेगॉग, नावच 'परदेशी'. आतल्या जमिनीला चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरश्या आहेत. त्या बघायच्या म्हणून मी मुळात उतरले होते. दारापाशी उभी राहून मी फक्त अठराव्या शतकातला तो घड्याळाचा मनोरा पाहिला. सकाळचे साडेतीन तास तिथे मला फार बोचले.

एक सांगायचं राहिलं. महाल शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शुक्रवारी-शनिवारी. जहाज कुठल्या वारी लागतं ते तिकीट काढण्याआधी बघा.

त्यानंतरची दुपार मात्र चांगली गेली. बाजाररस्त्यावर एका जुन्या वखारीचं दार उघडं होतं आणि आतल्या अंगणात आलं वाळत घातलं होतं. दोन बायका उकिडव्या बसून सुंठीचे तुकडे निवडत होत्या. फिकट एकीकडे, काळपट दुसरीकडे. हात इतके भरभर चालत होते की नजर ठरत नव्हती. नाकाला झणका बसत होता. मी पाव किलो सुंठ मागितली. एकीने माझ्याकडे पाहून स्वतःच दोन तुकडे बदलून दिले.

पुढे चेरळाई भागात ऑटो थांबला. तिथे मला मागून आवाज आला, "जेवण जाल्लें?" मी चमकून वळले. एक आजी शेजारणीशी बोलत होत्या. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून पळून आलेली सारस्वत कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि घरात कोंकणी बोलतात. मी मराठीत, त्या कोंकणीत, अशा पाच मिनिटं बोललो. सगळं कळलं. नाशिक कुठे, हे सांगताना मी "गोदावरी" म्हटलं आणि त्यांनी हात जोडले.

फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला इथे पुरलं होतं; १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या. आता नुसती जागा कठडा घालून राखली आहे. किनाऱ्यावर चिनी जाळी. चार-पाच माणसं दोर ओढतात, दोराला बांधलेले मोठे धोंडे खाली येतात आणि जाळं पाण्यातून वर उठतं. मी होते तेव्हा मूठभरच मासळी निघाली.

साडेचारला सगळ्यांनी जहाजावर असायला हवं होतं. मी तीनला निघाले. तोप्पुंपडीच्या पुलाआधी गाड्यांची रांग होती, तरी पावणेचारला पोचले. एवढा वेळ हाताशी ठेवाच, जहाज आपल्यासाठी थांबत नाही. केबिनमध्ये रोज जो छापील कागद टाकतात त्यावर परतण्याची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. तो कागद बरोबर न्यायचा. हो, आणि छत्री. उन्हासाठी.

अभिप्रायाच्या फॉर्मवर मी सगळा प्रकार वेळांसकट लिहून दिला. उत्तरात आभाराचा छापील मजकूर आला.

मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट एर्नाकुळमला जाते. फेब्रुवारीची दोघांची तिकिटं काढली आहेत, खालचे बर्थ मिळाले. रविवारी सकाळी दहाला मी सिनेगॉगच्या दारात असणार आणि मग महालात, पंचवटी सापडेपर्यंत.