एसएसएन नसताना मासेमारीचा परवाना : माझा अनुभव

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे अमेरिकेत आलेल्या बाईला तिथल्या वॉशिंग्टन राज्यात मासेमारीचा परवाना मिळतो. स्वतःच्या नावावर मिळतो, आणि रहिवाशाच्या दरात मिळतो. हे मला तेव्हा कुणी ठामपणे सांगितलं असतं तर बराच मनस्ताप वाचला असता, म्हणून आधी तेच लिहिते.

सिएटलहून गाडीने अडीच-एक तासांवर वेस्टपोर्ट आहे. उन्हाळ्यात तिथल्या बंदरातून पहाटे मासेमारीच्या चार्टर, म्हणजे भाड्याच्या बोटी सुटतात. वर सॅल्मन, खाली तळाचे मासे, अशी जोडसहल असते. आम्ही ऑगस्टमधली एक ठरवली. बोट, सुट्टी, मोटेल सगळं पटापट झालं. नवऱ्याचा परवाना त्याने घरबसल्या ऑनलाइन काढला. माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन, अमेरिकेत सरकार माणसाला देतं तो ओळख क्रमांक) नाही, म्हणून मी पासपोर्ट घेऊन खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेले. परवाने तिथल्या काउंटरवरही मिळतात.

काउंटरवरच्या मुलाने नंबर विचारला. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग परवानाही नाही. मी पासपोर्ट पुढे केला, व्हिसा दाखवला, याच राज्याने दिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. ते लायसन्स काढताना मी नंबर नसल्याचं लेखी दिलं होतं आणि ते चाललं होतं. गाडी चालवायला चालतं, मग गळ टाकायला का नाही? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने स्क्रीनकडे न बघताच तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आणि वर, अगदी गोड आवाजात, "मिस्टरांचा झालाय ना? तुम्ही बरोबर जा, फोटो काढा."

हे वाक्य मला अजून विसरता आलेलं नाही. मी देवबागची. कर्लीच्या खाडीत बाबांबरोबर गरवायला जायचे, गरीला कोळंबी लावायचे, दोरीला नुसता हिसका बसला तरी तांबोशी आहे की शेंगटी याचा अंदाज बांधायचे. माझा नवरा सोलापूरचा, त्याने लग्नाआधी गळ हातात धरलेला नव्हता. आणि मी फोटो काढायचे! मागे रांग वाढत होती, लोक घड्याळं बघत होते. नियम कुठे लिहिलाय तो दाखवा, असं मी दोनदा म्हटलं. दाखवला कुणीच नाही. "सिस्टीम घेत नाही" एवढंच.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की मासेमारीच्या अर्जावर हा नंबर का मागतात. १९९० च्या दशकातल्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं की ड्रायव्हिंग लायसन्स, व्यवसायाचे परवाने, लग्नाचा परवाना आणि शिकार-मासेमारीसारखे हौशी परवाने यांच्या अर्जांवर हा नंबर नोंदवून घ्या. हेतू हा की मुलांची पोटगी थकवणारे आईबाप सापडावेत. म्हणजे ज्याच्याकडे नंबर आहे त्याने तो द्यायचा. ज्याला तो मिळूच शकत नाही त्याला माशापासून दूर ठेवण्यासाठी तो नियम नाही. वर्क परमिट नसलेल्या एच-४ वाल्यांना हा नंबर मिळत नाही, ही आपली चूक नव्हे. काउंटरवर उभं राहताना हे डोक्यात पक्कं असू द्या, आवाज आपोआप स्थिर राहतो.

मग परवाने देणाऱ्या राज्याच्या खात्याला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एका बाईने फोन घेतला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ओळखपत्रं घेऊन दुसऱ्या विक्रेत्याकडे जा आणि नंबर नसल्याचं लिहून द्यायला तयार असल्याचं आधीच सांगा. मी आमिष-गळ विकणारं एक लहान दुकान गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा लावला, लायसन्सवरचा पत्ता बघितला, एक-दोन स्क्रीन मागेपुढे केल्या, माझी सही घेतली. चहा निवेल एवढासुद्धा वेळ लागला नाही. कागदावर माझं नाव बघितलं आणि दुकानातच डोळे भरून आले.

रहिवाशाच्या दराबद्दल : राज्यात ९० दिवस कायमचं घर असावं, पुढेही इथेच राहायचं असावं आणि दुसऱ्या राज्यात रहिवासी म्हणून परवाना घेतलेला नसावा. व्हिसा कोणता, हे मला त्यांनी विचारलंही नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण सॅल्मनसाठी कॅच कार्ड, म्हणजे पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, त्यांनाही लागतं. लेकाचं मी त्याच दुकानात करून घेतलं.

बोटीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे काहीच अडलं नाही. ग्रेज हार्बरचं तोंड ओलांडताना लाटा आडव्या येतात, उलटीची गोळी आदल्या रात्रीच घ्या. केळी नेऊ नका, तिथले खलाशी केळं अशुभ मानतात आणि त्यांचा मान राखलेला बरा. सॅल्मनला आमिष हेरिंगचं, तारलीसारखा चंदेरी मासा. गऱ्या बिनकाट्याच्या, म्हणजे टोकाला उलटा दात नसलेल्या असतात, त्यामुळे दोरी क्षणभरही सैल सोडायची नाही. खाडीतली सवय इथे कामी आली. कोहो जातीचा सॅल्मन लागला की आधी पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर बघतात. पैदास केंद्रातल्या पिल्लांचा तो पर कापून सोडतात. पर शाबूत असला तर मासा रानटी, आणि आमच्या सहलीच्या नियमाप्रमाणे तो परत पाण्यात.

तळाच्या माशांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. रॉकफिश खोलातून वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, आणि नुसता सोडला तर तो वरच तरंगून मरतो. म्हणून बोटीवर त्याला वजन लावून पुन्हा खोल नेणारं साधन तयार ठेवणं बंधनकारक आहे. आमच्याकडे एक यलोआय जातीचा रॉकफिश लागला, केशरी अंग आणि पिवळे डोळे. तो ठेवायला बंदी आहे, कारण ही जात शंभर वर्षांहून जास्त जगू शकते आणि पिल्लं द्यायच्या वयाला यायलाच तिला बरीच वर्षं लागतात. खलाशाने तो त्या साधनाला लावून खाली सोडला. लेक कठड्याला धरून विचारत राहिला, तो जगेल ना? खोल पोचला तर जगण्याची शक्यता चांगली असते.

आठवलं म्हणून : रॉकफिशचे काटे विषारी असतात, हाताने उचलू नका. लिंगकॉड या तळाच्या माशाचं मांस कधीकधी हिरवट-निळं निघतं, घाबरू नका, शिजल्यावर पांढरंशुभ्र होतं आणि रव्यात घोळवून तळायला उत्तम. सॅल्मन तेलकट, त्याला आमच्याकडे बांगड्यासारखं तिरफळ घातलेलं कालवण केलं. बर्फाची पेटी गाडीत ठेवा. मासे साफ करणाऱ्या खलाशाला बक्षिसी रोख द्या. आणि परवाना लवकर काढला तरी निघायच्या आदल्या दिवशी नियम पुन्हा बघा, कारण कोटा संपला की हंगाम ठरल्या तारखेआधीच बंद होतो.

सॅल्मन ठेवला की लगेच, पुढचा गळ टाकायच्या आधी, कार्डावर शाईने नोंद करायची. धक्क्यावर तपासनीस येऊन माशाच्या नाकाडावरून यंत्र फिरवतात, मासा कुठून सोडलेला ते सांगणारी तारेची बारीक खूण आत आहे का बघायला. कार्डावरची नोंद ३० एप्रिलपर्यंत खात्याला कळवायची असते, काही मिळालं नसलं तरीही. माझ्या कार्डावर कोहो आहेत, माझ्या अक्षरात लिहिलेले. नवऱ्याचं कार्ड कोरं गेलं. फोटो त्यानेच काढले, आणि छान काढलेत.