तुम्ही विचारलंत म्हणून: आधीचं कागदावर कसं येतं?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझी उभी नोकरी मोजमापाच्या यंत्रांत गेली. ओळखीतलं कुणी नवीन इंजिनिअर झालं की एक प्रश्न ठरलेला: "काका, व्होल्टेज-करंटचा आलेख कागदावर काढणारा रेकॉर्डर बिघाड झाल्यावर ट्रिगर होतो ना? मग बिघाडाच्या आधीचं त्याला कसं कळतं?"

प्रश्न रास्त आहे. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा, ओढला की काम सुरू, असंच डोक्यात बसलेलं असतं. जुन्या पेनवाल्या रेकॉर्डरमध्ये ते खरंही होतं. कागद तासाला २० मिलिमीटर सरकायचा, म्हणजे एका मिलिमीटरात ३ मिनिटं. भट्टीचं तापमान त्यावर झकास दिसतं. पण ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची, ती रेघेच्या जाडीत कुठे शोधणार? कागद पळवावा, तर सेकंदाला २५ मिलिमीटरच्या वेगानंही ३० मीटरचा रोल २० मिनिटांत संपतो. म्हणून बिघाड झाला की मगच कागद पळवायचा. तो वेग घेईपर्यंत वरात निघून गेलेली असायची.

मेमरी आली आणि गणित उलटं झालं. रहाटगाडगं आठवा. गाडगी भरून वर येतात, रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. यंत्र सेकंदाला हजारो नमुने घेत मेमरीची गाडगी भरत राहतं, आणि जागा संपली की सर्वांत जुना नमुना ओतून देऊन त्यात नवा घेतं. ट्रिगर येतो तेव्हा रहाट सुरू होत नाही; तो थांबायच्या तयारीला लागतो. मेमरी १० सेकंदांची आणि प्री-ट्रिगर (ट्रिगरच्या आधीचा राखायचा हिस्सा) ८० टक्के ठेवला असेल, तर ट्रिगरनंतर आणखी २ सेकंद भरून रहाट थांबतो. हातात उरतात आधीची ८ सेकंदं, नंतरची २. मग कागदावर सावकाश छापा, घाई कुणाला आहे?

खरी मेख ट्रिगर कशावर लावायचा यात आहे, आणि ती मी स्वतः चुकून शिकलो. एका कारखान्यात पंपाची मोटर रात्री अधूनमधून आपोआप बंद पडे. बेअरिंगं बदलून झाली होती. मला व्होल्टेजचा संशय, म्हणून ४१५ व्होल्टच्या लाइनवर '३०० च्या खाली गेलं की ट्रिगर' असं लावलं आणि सेवउसळ खायला बाहेर पडलो. परत आलो तर ऑपरेटर दारातच: "साहेब, आखो रोल पती गयो!" अख्खा रोल संपला होता.

एसीची लाट प्रत्येक सायकलीत दोनदा शून्यातून जाते, हे शाळेतलं पोर सांगेल. माझा ट्रिगर त्या क्षणाच्या व्होल्टेजवर होता, आरएमएसवर, म्हणजे पूर्ण लाटेच्या प्रभावी सरासरीवर, नव्हता. त्यामुळे तब्येत ठणठणीत असलेली लाइनसुद्धा त्याला दर सायकलीला आजारी दिसत होती. छापून झालं की यंत्र पुन्हा सज्ज व्हायचं आणि लगेच पुन्हा सुटायचं.

त्या यंत्रात आरएमएस ट्रिगरची सोयच नव्हती. मग व्होल्टेजचा नाद सोडला. पंपाच्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचा) एक मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, म्हणजे त्याच्यासोबत हलणारा छोटा जोड-स्विच, होता, त्याच्या दोन वायरी एक्स्टर्नल ट्रिगरच्या टर्मिनलला जोडल्या. कॉन्टॅक्टर सुटला की ट्रिगर, एरवी कितीही लाटा येवोत. (नुसत्या पातळीवर ट्रिगर लावायचाच असेल, तर हिस्टेरिसिस ठेवा. १०० वर सुटला की ९० च्या खाली आल्याशिवाय पुन्हा सज्ज होऊ द्यायचा नाही. नाहीतर नॉइज (सिग्नलमधली बारीक थरथर) सीमारेषेवर नाचतो आणि रोल पुन्हा संपतो.)

सकाळी दोनच छापे निघाले होते. दोन्हींत करंट आधी नेहमीसारखा, मोटर जड चालल्याची खूण नाही. मग व्होल्टेज खचलेलं, काही सायकली तसंच राहिलेलं, आणि त्यानंतर कॉन्टॅक्टर सुटलेला. छाप्यावरची वेळ लॉगबुकाशी ताडली, तर त्याच ट्रान्सफॉर्मरवरचा मोठा कॉम्प्रेसर दोन्ही वेळा त्याच मिनिटाला चालू केलेला होता. त्याच्या सुरुवातीच्या ओढीनं व्होल्टेज खचायचं आणि पंपाचा कॉन्टॅक्टर सुटायचा. पंपाची बेअरिंगं निष्कारण बदलली गेली होती.