तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मोठ्या शहरात खायला कुठे जायचं?

मोठ्या शहरात बाहेर खायचं तर इतक्या जागांमधून एक निवडायची कशी, हे मला सतत विचारलं जातं. नोकरीसाठी नव्याने आलेली मुलं विचारतात, पाहुणे विचारतात. वर्षानुवर्षं त्याच शहरात राहणारी माणसंसुद्धा विचारतात, कारण घराजवळची एक आणि ऑफिसजवळची एक सोडून तिसरी जागा त्यांनी पाहिलेलीच नसते. बहुतेकांना नावांची यादी हवी असते. ती मी देत नाही. आचारी सोडून जातो, मालक बदलतो, जागेचं भाडं वाढलं की ताटातलं कमी होतं, आणि बाहेरची पाटी मात्र तीच राहते. म्हणून माझं उत्तर एकच असतं: खप बघा.

नुसती गर्दी नका बघू. गर्दी फोटोंमुळेही होते, कोणी प्रसिद्ध माणूस येऊन गेला म्हणूनही होते. भटारखान्यात आलेला माल किती लवकर ताटात जातो, हे महत्त्वाचं. दहा टेबलांच्या जागेत आठच पदार्थ मिळत असतील आणि तेच आठ सगळे मागवत असतील, तर तिथला भाजीपाला सकाळी येतो आणि रात्रीपर्यंत संपतो. याउलट मेन्यूकार्ड चाळता चाळता हात दुखायला लागला, तर सावध व्हा. दोनशे पदार्थांतले दीडशे आठवड्यातून एखाद्या वेळी मागवले जाणार. त्यांची तयारी फ्रीझरमध्ये पडून राहणार, नाहीतर एकाच रश्शाला दहा नावं मिळणार. मोजकंच साहित्य वेगवेगळ्या प्रकारे जुळवून लांब कार्ड करणाऱ्या जागा असतात आणि त्या चांगल्याही असतात. कार्ड नीट वाचलं तर हा फरक कळतो.

मी खपावर इतका जोर देते तो चवीपुरता नाही. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की जंतू भराभर वाढतात. म्हणून ते एकतर कडकडीत गरम हवं, नाहीतर पुरतं थंड. साध्या हवेवर दोन तासांहून जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. जिथे पदार्थ सारखे संपतात तिथे हा नियम आपोआप पाळला जातो. बुफेत मी आधी भांड्याच्या कडा बघते. कडेला रस्सा वाळून काळपट रेघ धरली असेल, वर साय जमली असेल, तर पदार्थ बराच वेळ तिथेच आहे. झाकण उघडल्यावर वाफ येते का, तेही बघावं. कोमट बुफेइतका वाईट सौदा नाही.

तळणाच्या जागी तर सगळं उघड्यावरच असतं. तळताना तेल साधारण 180 अंशांच्या आसपास असतं. चांगल्या तेलात घाणा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल घट्ट होतं, काळवंडतं, त्यावर बारीक, चिवट फेस धरतो, आणि कमी आचेवरच धूर यायला लागतो. रांगेत उभं असताना दोन मिनिटं कढईकडे बघितलंत, तर फोनवरचे शंभर अभिप्राय वाचायची गरज उरत नाही.

अभिप्राय वाचूच नका, असं मी म्हणत नाही. मात्र सरासरी आकड्याला फार महत्त्व देऊ नका. गेल्या महिन्या-दोन महिन्यांतलं वाचा, आणि ज्यांनी काय खाल्लं ते नीट लिहिलंय तेवढंच वाचा.

ताऱ्यांचंही तसंच. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. तिने 1900 साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. 1926 पासून चांगल्या जेवणाला तारे द्यायला सुरुवात झाली आणि 1931 मध्ये एक-दोन-तीन अशा पायऱ्या आल्या. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं अशी जागा, आणि तीन म्हणजे खास तेवढ्यासाठीच प्रवास करावा अशी. व्याख्या वाचल्या की लक्षात येतं, हे माप प्रवाशासाठी आहे. तो एकदाच येणार, आणि तो दिवस साजरा व्हायला हवा. आठ तास काम करून बाहेर पडलेल्या, उद्या पुन्हा कामावर जायचं असलेल्या माणसाला या मापाचा काय उपयोग? त्याला रोज तितकंच चांगलं, पोटाला न बाधणारं आणि खिशाला झेपणारं हवं.

मोठ्या शहरातलं बाहेरचं खाणं मुळात याच माणसासाठी सुरू झालं, असं मला मनापासून वाटतं. सोंग राजवटीत चीनची राजधानी असलेल्या कायफंगमध्ये नऊशे वर्षांपूर्वीच खाणावळींची रेलचेल होती आणि रात्रीचे बाजार उशिरापर्यंत चालत. दूरच्या प्रांतांतून आलेल्या लोकांना आपापल्या मुलखातलं जेवण देणाऱ्या खाणावळीही तिथे होत्या. बाहेर खाणं म्हणजे चैन, असं कोणी म्हणालं की मी हेच सांगते. एका खोलीत चौघं राहतात, शेगडी ठेवायला जागा नाही, त्यांना हे रोजचं स्वयंपाकघर आहे. त्यांची जिथे ये-जा असते ती जागा शोधा. रोजचं गिऱ्हाईक दोनदा फसत नाही, आणि मालकालाही ते ठाऊक असतं.

पिण्याच्या जागांनाही हाच निकष. नळाची बिअर घेत असाल तर किती नळ आहेत यापेक्षा किती चालू असतात ते बघा. रिकाम्या बारमधल्या वीस नळांपेक्षा गजबजलेल्या बारमधले तीन बरे, कारण पिंप उघडल्यावर ते लवकर संपायला हवं. नळापर्यंतच्या नळ्याही साधारण दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात, नाहीतर बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येतो. ग्लास उजेडात धरा. फेसाच्या खाली काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ काचेवर ते चिकटत नाहीत, आणि घोटागणिक फेसाची जाळीदार कड मागे राहते. ग्लासाच्या हिशेबाने वाइन घेताना बाटली कधी उघडली ते बिनधास्त विचारावं. उघडलेली लाल वाइन तीन-चार दिवसांत उतरते. चांगल्या बारमध्ये या प्रश्नाचा राग येत नाही. कॉफीच्या दुकानात दूध गरम करायची वाफेची नळी बघा. तिच्यावर वाळलेल्या दुधाचा थर असेल तर पुढे काही विचारायची गरज नाही.

आता आवाजाबद्दल, कारण यावर माझं मत ठाम आहे. सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी, काच, पडदा कुठेच नाही, आणि वरून संगीत. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही वाढवतो. लोंबार या फ्रेंच डॉक्टरने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ते नोंदवून ठेवलं. एक टेबल मोठ्याने बोलतं म्हणून दुसरं बोलतं, आणि तासाभरात सगळी खोली ओरडत असते. त्यात मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव मंद लागते, असं प्रयोगांतही दिसलं आहे. म्हणजे आचाऱ्याने नेमकं घातलेलं मीठ आपल्यापर्यंत पोचतच नाही. एवढी मेहनत करून ती स्पीकरखाली बुडवायची, याचं मला खरंच वाईट वाटतं. आवाज कमी करायला सांगा. आपण सांगत नाही म्हणून त्यांना वाटतं की सगळ्यांना आवडतंय.

वेळ सांभाळायची. शेवटच्या ऑर्डरच्या वेळी गेलात तर शेगड्या पुसायला घेतलेल्या असतात आणि आचारी सकाळपासून उभा असतो. नवीन जागेला दोन महिने द्या, तोवर त्यांचा हात बसलेला नसतो. आणि बसल्यावर वेटरला विचारा, आज काय चांगलं आहे? 'सगळंच चांगलं आहे' हे उत्तर आलं तर साधंसं काहीतरी मागवा. त्याने एखादं नाव घेतलं, का चांगलं ते सांगितलं, तर डोळे मिटून तेच घ्या. सगळ्यात उत्तम म्हणजे 'ते आज नका घेऊ' असं सांगणारा वेटर. असा भेटला तर त्याचं नाव विचारून ठेवा आणि महिन्याभरात पुन्हा जा.

एकट्याने जायला संकोच वाटतो, असंही बरेच जण म्हणतात, विशेषतः मुली. गर्दीच्या अर्धा तास आधी जा आणि ओट्याशी किंवा काउंटरवर जागा मागा. चौघांचं टेबल अडवलं असं वाटत नाही, समोर काम चाललेलं दिसतं, आणि त्या वेळी त्यांना बोलायला फुरसत असते. हातात पुस्तक असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. कोणी बघत नाही, सगळे आपापल्या ताटात असतात.