स्टार वॉर्सचं योक आणि तडकलेला गिअर

माझ्या गॅरेजमध्ये अटारी कंपनीचं १९८३ चं स्टार वॉर्स हे आर्केड मशीन (नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम) आहे, उभ्याने खेळायचं मॉडेल, आणि गेले तीन महिने मी त्यातल्या एका छोट्याशा प्लास्टिक गिअरच्या मागे लागलोय. मी सॅन होजेला राहतो, सनीव्हेल इथून जवळच. सनीव्हेल म्हणजे अटारीचं गाव, १९७२ मध्ये त्यांचा पहिला पाँग हा व्हिडिओ गेम तिथल्याच अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये लावला होता, त्यामुळे या भागात अजूनही कुणाच्या ना कुणाच्या घरातून जुनी मशीन्स बाहेर निघत असतात. माझं तसंच मिळालं. मॉनिटर चालू, बोर्ड चालू, फक्त योक डावीकडे नेलं की क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेम धरायची खूण) मध्येच टुणकन उडी मारायचा.

ज्यांनी हे मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, योक म्हणजे विमानाच्या पायलटसमोर असतं तसलं दोन हातांचं हँडल. हा कंट्रोल मुळात गेमसाठी नव्हताच, अटारीने आपल्या बॅटलझोन या रणगाड्याच्या गेमवरून अमेरिकन सैन्यासाठी ब्रॅडली ट्रेनर हा सरावाचा गेम बनवला होता त्यासाठी तो केला आणि मग तोच स्टार वॉर्समध्ये आला. आडव्या हालचालीला एक पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग), उभ्या हालचालीला एक पॉट, आणि हाताची हालचाल पॉटपर्यंत पोचवायला मधे गिअर. खोलून बघितलं तर पॉटवरच्या गिअरला आरपार तडा. तडा उघडला की तिथल्या दोन दात्यांमधलं अंतर वाढतं, समोरचा गिअर त्या जागी आला की घसरतो, आणि स्क्रीनवर ती उडी दिसते.

मी आधी सरळ सुपरग्लू लावला, एक आठवडा चालला. मग मामाला फोटो पाठवला. माझा मामा भोसरीला टूलरूममध्ये तीस वर्षं डाय (सुटे भाग घडवायचे साचे) बनवतोय, आर्केड मशीन त्याने कधी बघितलेलं नाही पण प्लास्टिकचा तुकडा बघून तो कसा मोडला ते सांगतो. व्हिडिओ कॉलवर त्याचा पहिलाच प्रश्न, "अरे, तडा दात्यापासून सुरू झालाय का भोकापासून?" भिंगातून बघितलं, भोकापासून. "मग दात्यांचा दोष नाही. शाफ्टने फाडलाय त्याला."

म्हणजे झालं असं की गिअर शाफ्टवर दाबून बसवलेला, भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान. लोखंडात हे चालतं. प्लास्टिकमध्ये मात्र भोकाभोवतीचा भाग बसवल्या दिवसापासून ताणलेलाच राहतो, चाळीस वर्षं ताणलेला, आणि एक दिवस उलतो. तेव्हा मला कळलं की मी हुबेहूब कॉपी करायला निघालो होतो ती तड्यासकट कॉपी झाली असती! रेडीमेड गिअर मिळतात, पण मला तो का मोडला हे समजून स्वतः करायचा होता.

मोजमापात एक आठवडा गेला कारण मामा मॉड्यूलमध्ये (मिलिमीटरमधलं दात्यांच्या आकाराचं माप) विचार करतो आणि काही केल्या आकडा सरळ येईना. हे अमेरिकन गिअर, इंचातले, इथे डायमेट्रल पिच, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला किती दाते ते माप, लागतो. दाते मोजायचे, त्यात २ मिळवायचे आणि बाहेरच्या व्यासाने (इंचात) भागायचं. समजा ३० दाते आणि व्यास १ इंच, तर ३२ आलं. तेच मॉड्यूलमध्ये करा, २५.४ भागिले ३२, म्हणजे ०.७९ असलं काहीतरी विचित्र येतं, म्हणून आपल्याला वाटतं मोजायला चुकलो. आणि तडकलेल्या गिअरचा व्यास तड्यावर मोजू नका, तो फुगलेला असतो.

घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकचा गिअर आडवा ठेवून छापला, फक्त दाते जुळतात का बघायला. फिटिंगसाठी उत्तम, पण पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, बंद कॅबिनेटमध्ये कायमचं ठेवायला माझं मन धजत नाही. रेझिन प्रिंटचे दाते सुंदर आले, पण ठिसूळ. नायलॉन दमट हवेत पाणी पिऊन फुगतं. शेवटी डेलरिन या टणक प्लास्टिकच्या रॉडमधून कापून घेतला, मधे पितळेचा हब (मधला गोल तुकडा), आणि हब शाफ्टवर बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याचा स्क्रू) पकडला. आता प्लास्टिकवर शाफ्टचा ताण अजिबात नाही.

माझं मत आता पक्कं झालंय, आत जे मोडलं त्याचं कारण दुरुस्त करायचं, आणि जे हाताला लागतं, डोळ्याला दिसतं ते मात्र जसंच्या तसं, अगदी मोल्डिंगचे खड्डेसुद्धा.

दिसणाऱ्या भागांचं काम वेगळंच अवघड आहे. मित्राकडे मिडवे कंपनीचं १९८२ चं ट्रॉन हे आर्केड मशीन आहे, त्याची ती निळी पारदर्शक जॉयस्टिक एका बाजूने तुटलेली. आम्ही चांगला अर्धा भाग चिकणमातीत रुतवून दोन भागांचा सिलिकॉन मोल्ड केला, युरेथेन रेझिनमध्ये निळा रंग घातला, बुडबुडे दाबायला प्रेशर पॉटमध्ये (दाबाच्या हवेचं बंद भांडं) ठेवला, आणि उन्हात धरून बघितलं तर जुना कुठला नवा कुठला सांगता येईना. मशीनमध्ये लावला आणि आमचा भाग काळवंडलेला. ट्रॉनमध्ये ब्लॅकलाइट (अतिनील दिवा) असतो, मूळ हँडल त्यात चमकतं, आमच्या रंगात चमकणारं काहीच नव्हतं! आता फ्लोरोसंट पिगमेंटचे सात नमुने करून ठेवलेत, रात्री दिवे बंद करून त्याच मशीनसमोर धरून बघतो, तिसरा आणि पाचवा जवळ आलेत.

स्टार वॉर्सचा गिअर परवा बसवला. योक या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू नेलं, क्रॉसहेअर कुठेही न अडखळता सरकत गेला, आणि मी एकटाच गॅरेजमध्ये बराच वेळ नुसता तो डावीकडे उजवीकडे नेत बसलो. नव्या गिअरच्या मागच्या बाजूला साल कोरलंय म्हणजे पुढे कुणी उघडलं तर हा मूळचा नाही हे त्याला कळावं, आणि तडकलेला जुना गिअर छोट्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत दाराजवळ अडकवलाय. मामाने एक जास्तीचा मागितलाय, डिसेंबरमध्ये जाताना नेणार आहे, त्याला दाते त्याच्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर (भागाची सावली मोठी करून दाखवणारं यंत्र) बघायचेत.